तेल जाऊ द्या, पाला राहू द्या

पहाटे साडेपाच

मार्च संपत आला की सांगलीच्या विश्रामबागेत उजाडायच्या आधी दोनच प्रकारची माणसं रस्त्यावर दिसतात, फिरायला निघालेले पेन्शनर आणि झाडलोट करणारे. मला गाठायचे असतात ते झाडलोटवाले. करंज, कडुलिंब, विलायती शिरीष या सगळ्यांची पानगळ याच दिवसांत. रस्ता झाडून कडेला ढीग लागतात आणि सातच्या आत कुणीतरी त्यांना काडी लावतं. ढीग पेटायच्या आत तो आमच्या छोट्या हत्ती टेम्पोत भरायचा, हे दिवसाचं पहिलं काम.

राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली, पाच हजारांचा दंडही ठरवला. पण दंडाची भाषा केली की पाला मिळत नाही, चहा पाजला की मिळतो. झाडणाऱ्या मावशी आता स्वतःच हाक मारतात, "ताई, कोपऱ्यावर एक ढीग राखून ठेवलाय बघा, न्या लवकर."

पाल्याच्या बाबतीत हा भाग श्रीमंत. विलिंग्डन कॉलेज १९१९ चं, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ चं, दोन्हींची आवारं ऐसपैस. आजूबाजूला बंगले उठत गेले आणि बहुतेकांनी दारात दोन-चार नारळ लावले. त्या नारळांवर माझं पोट आहे. वर्षाच्या बोलीवर लोकांच्या बागा सांभाळते. शिवाय धामणीच्या वाटेला घरचं थोडं काळं रान आहे. तिथं आत नारळ, बांधाला करंज. दोन्ही तेलबियांचीच झाडं, पण सांगलीत तेलबी म्हटलं की माणसाला शेंगा नाहीतर करडई आठवते, झाड कुणाच्या डोक्यात येत नाही.

सात

निवडानिवड. सगळ्यात कंटाळवाणं काम हेच. गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे, एखादी चप्पल. हे सगळं काढल्याशिवाय पाला रानात न्यायचा नाही, हा नियम मी कुणालाही मोडू देत नाही. प्लास्टिक एकदा मातीत मिसळलं की निवडून काढणं होत नाही.

मग उरलेल्याचे दोन भाग. कोवळा, हिरवट, लवकर मऊ पडणारा पाला एकीकडे. करंज आणि शिरीष शेंगवर्गातले, त्यांच्या पानांत नत्र बऱ्यापैकी असतो, आणि बांधावरच्या गिरिपुष्पाची छाटणीही यातच येते. दुसरीकडे झावळ्या, काटक्या, वाळलेली कडक पानं. यांत कर्ब फार, नत्र थोडा, आणि लिग्निनमुळे कुजायला वेळ लागतो. जिवाणू आणि बुरशी कर्ब खातात, पण त्यासाठी त्यांना सोबत नत्र लागतो. पाल्यात तो नसेल तर मातीतला उचलतात, आणि झाडाला तेवढे दिवस तंगी. कडक काडीकचरा मातीत गाडला तर ही ओढ जास्त जाणवते, वर अंथरला तर कमी. म्हणून माझी रीत साधी आहे. खाली कोवळा पाला, त्यावर शेणकाला, सगळ्यात वर झावळ्या. आणि गाडायचं काही नाही.

साडेआठ

एका काकूंच्या बंगल्यावर. नारळ जुना, बाणवली जातीचा. खालच्या झावळ्या पिवळ्या, बोंडगळ भरपूर. काकूंचं म्हणणं एकच, "अगं, काहीतरी औषध घाल मुळात."

बुंध्याला अगदी खेटून पेव्हिंग ब्लॉक बसवलेत. विश्रामबागेत सध्या हीच हौस आहे. गाडी स्वच्छ राहते, नारळ उपाशी राहतो. नारळाला सोटमूळ नसतं. बुंध्याच्या तळातून हजारो दोरीसारखी मुळं निघतात आणि खाणारी-पिणारी बरीचशी बुंध्यापासून दोन मीटरच्या आत पसरतात. म्हणून शिफारशीतलं आळं १.८ मीटर त्रिज्येचं असतं. शिवाय नारळाच्या मुळांना इतर झाडांसारखी केसाळ तंतुमुळं नसतात. मातीच्या बारीक फटींत शिरून स्फुरद आणायचं काम त्याच्यासाठी मायकोरायझा बुरशी करते. ती मुळात राहते, झाडाकडून साखर घेते आणि आपले धागे लांबवर पसरते. मातीवर फरशी आली की हवा कोंडते, पानगळ झाडून बाहेर जाते आणि या सगळ्या मंडळींचं अन्नपाणी तुटतं. मग बाटलीतलं औषध घालून काय होणार?

काकूंना पाला नको आहे. घाण दिसते, विंचू येतील, सुना काय म्हणतील. विंचवाची भीती अगदीच खोटी नाही, म्हणून बंगल्यात मी थर जाड करत नाही आणि बुंध्यालगत हातभर जागा मोकळी ठेवते. अर्धा तास घासाघीस झाल्यावर बुंध्याभोवतीच्या ब्लॉकच्या दोन रांगा काढायला परवानगी मिळाली. १.८ मीटर नव्हे, पण बोहनी झाली. तिथं करंजाचा पाला, वर बारीक कापलेली झावळी, कडेला विटांची गोल ओळ. विटांमुळे पाला मुद्दाम ठेवल्यासारखा दिसतो. शहरात नीटनेटकं दिसलं नाही तर चांगली गोष्टही टिकत नाही.

दहा

रानात. खरं काम इथं.

शेजारच्या दादांचा ऊस नुकताच तुटून गेलाय, रानभर पाचट पडलंय. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते पेटवून मोकळे व्हायचे. आता एकाआड एक सरीत दाबतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस त्यांना तोंडपाठ आहे: एक टन पाचटाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक. युरिया कशासाठी? सकाळी सांगितलेल्या त्याच नत्राच्या ओढीसाठी. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. पेटवलं की त्यातला कर्ब आणि जवळपास सगळा नत्र धुरात जातो, राखेत पालाश आणि थोडं स्फुरद उरतं, तेही वाऱ्यावर. दादांच्या खोडव्यात जास्तीचं पाचट झालं की ते माझ्या नारळाच्या आळ्यात येतं. बदल्यात शहाळी.

आळं उकरून बघणं हा माझा आवडता कार्यक्रम. झावळी उचलली की खाली दमट, काळपट थर. पांढरे बुरशीचे धागे पानांना पानं शिवतात. बारीक उड्या मारणारे किडे, वाणी, मुंग्या, कोळी. त्याखाली गांडुळाची विष्ठा, मोहरीएवढ्या गोळ्यांची. आपल्याकडचं देशी गांडूळ, लॅम्पिटो मॉरिटी म्हणतात ते, उन्हाळ्यात उघड्या काळ्या रानात सापडणार नाही. भेगाळलेल्या मातीत ते खोल जाऊन गुंडाळी करून पडतं. पाल्याखाली ओल असेल तर मार्चमध्येही कामाला असतं. गांडूळखतात सोडतात ती विकतची लाल गांडुळं वेगळी. त्यांना कुजका पाला लागतो, मातीत खोल बिळं करायचा त्यांचा स्वभाव नाही. रानात पोतंभर लाल गांडुळं सोडून चमत्काराची वाट बघणाऱ्यांना हे कितीदा सांगितलं तरी पटत नाही.

आज पट्ट्या काढायच्या होत्या. ही युक्ती परदेशातली. प्लास्टिकच्या अरुंद पट्टीला एकाखाली एक १६ भोकं, भोकांत सेल्युलोज, गव्हाचा कोंडा आणि चिमूटभर कोळसा यांचं मिश्रण भरायचं, पट्टी मातीत उभी रोवायची. काही दिवसांनी काढून बघायचं, किती भोकांतलं खाल्लं. मातीतल्या जीवांची भूक मोजायचा हा स्वस्त मार्ग. सुमात्रा बेटावर, रियाऊ प्रांतातल्या पामतेलाच्या मळ्यात संशोधकांनी अशाच पट्ट्या रोवल्या होत्या. पामच्या घडातून फळं काढून घेतल्यावर जो चोथ्यासारखा रिकामा घड उरतो, तो तिथं झाडांमध्ये अंथरतात. ताज्या घडाच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका रिकामा घड निघतो, म्हणजे गिरणीमागे डोंगर. जिथं तो अंथरला तिथं मातीतल्या जीवांनी पट्ट्या जास्त खाल्ल्या.

माझ्या पट्ट्या जुन्या फायलींच्या प्लास्टिकमधून कापलेल्या. पाल्याखालच्या पट्टीची वरची भोकं आरपार, उघड्या रानातली जवळजवळ भरलेली. हे प्रयोगशाळेतलं मोजमाप नाही हे मला कळतं. पण शेजारच्या दादांना मातीपरीक्षणाच्या कागदापेक्षा ही पट्टी लवकर कळली. "आयला, खाल्लं की सगळं!" एवढं म्हणून पुढच्या वेळेसाठी त्यांनी आपल्या सरीत दोन पट्ट्या मागून घेतल्या.

आता पाल्याचे तोटे. हे सांगणारे लोक कमी, म्हणून जरा सविस्तर.

पहिला गेंड्या भुंगा. नारळाचा जुना वैरी. तो शेंड्यातल्या कोवळ्या पानात भोक पाडतो, पान उमललं की कात्रीनं त्रिकोणी कापल्यासारखं दिसतं. त्याची अळी वाढते शेणखताच्या ढिगात आणि कुजलेल्या खोडात. म्हणजे आपण पाला आणि खत साठवतो तिथंच त्याचं बाळंतपण. पातळ पसरलेल्या पाल्यात तो सहसा वाढत नाही, ढीग लागला की आलाच. म्हणून माझ्या रानात खताचा ढीग नाही. जे येतं ते पसरतं. ढीग ठेवावाच लागला तर त्यात मेटारायझियम बुरशी मिसळायची. उसाच्या हुमणीमुळे हे नाव सांगलीत आता पोरासोरांना माहीत आहे.

दुसरा तोटा वाळवीचा. कोरड्या पाल्यात ती येतेच. मोठ्या नारळाला तिच्यापासून फारसं काही होत नाही, ती मेलेलं खाते. रोपाला मात्र ती बुडातून पोखरते. म्हणून नव्या रोपाजवळ कोरडी काटकी ठेवत नाही, निंबोळी पेंड टाकते.

तिसरा वळवाचा. एप्रिल-मेमध्ये हलकी सर येते आणि ती सगळी वरच्या पाल्यातच जिरते, मातीला पत्ताच नसतो. पाला आहे म्हणून पाणी तोडणाऱ्यांचे नारळ याच दिवसांत सुकतात. ठिबकची नळी पाल्याखालून न्यायची, आणि उंदरांनी कुरतडली का ते दर आठवड्याला बघायचं.

आणि क्षार. कृष्णाकाठच्या रानांत जास्त पाण्यानं मीठ वर आलंय, हे इथं कुणाला सांगायला नको. पाणी उडून जाताना क्षार पृष्ठभागावर सोडून जातं, पाल्यामुळे उडणं कमी होतं, म्हणून वरचा पांढरा थरही कमी धरतो. पण खालची पाण्याची पातळी निचऱ्याशिवाय उतरत नाही. पाल्यानं क्षारपड सुधारते असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नका.

साडेबारा

थर्मामीटर रोवायची वेळ. मार्च-एप्रिलच्या दुपारी उघड्या काळ्या मातीचा वरचा थर ५० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. तेवढ्या तापात वरच्या दोन बोटांत कुणी जिवंत राहत नाही, राहिलं तर निपचित. चार बोटं पाल्याखाली तीच माती दहा अंशांनी आणि त्याहून जास्त गार असते. हे समजायला थर्मामीटर लागत नाही, अनवाणी दोन पावलं पुरतात. तरी आकडा दाखवला की गडी माणसं ऐकतात.

दीड

भाकरी, खर्डा, ताक. करंजाच्या सावलीत अर्धा तास आडवं.

तीन

लाकडी घाण्यावर. घरच्या नारळांचं खोबरं सांगलीच्या उन्हात छान वाळतं, त्या बाबतीत कोकणानं आमचा हेवा करावा. चांगल्या वाळलेल्या खोबऱ्यात साधारण ६५ टक्के तेल. लाकडी घाणा त्यातलं सगळं काढू शकत नाही, पेंडीत बरंच राहतं, आणि ती पेंड दादांच्या म्हशींना आवडते.

घाणा फिरत असताना बसून विचार करायला वेळ मिळतो, आणि माझ्या सगळ्या धंद्याचं गणित मला इथंच कळलं. तेलात असतं काय? कर्ब, हायड्रोजन, ऑक्सिजन. कर्ब आणि ऑक्सिजन झाडानं मुख्यतः हवेतून घेतला, हायड्रोजन पाण्यातून. नत्र, स्फुरद, पालाश तेलात जवळजवळ नसतंच. म्हणजे मी किलोभर तेल विकलं तर रानातून मातीचं काहीच बाहेर गेलं नाही, गेलं ते ऊन आणि हवा. मातीतून उचललेला सगळा माल पेंडीत, करवंटीत, सोडणात म्हणजे वरच्या तंतूंच्या सालीत, झावळीत आणि नारळाच्या पाण्यात अडकलेला असतो. हे रानात परत आलं तर तेलबियांच्या झाडासारखं मातीला न लुटणारं पीक नाही. परत आलं नाही तर नारळासारखं लुटारूही नाही, कारण नारळाला पालाश फार लागतं आणि त्यातला मोठा वाटा सोडणात असतो.

पाला, झावळी, सोडण हे वेगवेगळे प्रयोग नव्हेत. ती त्या परतीची वाट आहे. खोबऱ्याची पेंड म्हशीच्या पोटातून शेण होऊन येते. करंजाची पेंड कडू आणि जनावराला विषारी, ती थेट आळ्यात. तिच्यातल्या करंजिनमुळे नत्राचं नायट्रेट होणं मंदावतं, म्हणून दिलेला नत्र जास्त दिवस पुरतो.

पाच

सांगली-मिरज रस्त्यावरचे शहाळ्यांचे गाडे. उन्हाळा चढला की प्रत्येक गाड्यामागे संध्याकाळपर्यंत शहाळ्यांच्या रिकाम्या कवट्यांचा ढीग. शहाळं पिणं म्हणजे पालाश पिणं, त्यात काही वाईट नाही. पण ती कवटी पुढे जाते कचरा डेपोत. गाडेवाल्याला ती उचलायचा खर्च येतो, म्हणून मला फुकट मिळते. वर तो एक शहाळंही देतो.

ओली कवटी जड आणि चिवट. ती चिरायला कोयता लागतो आणि दणकट दंड. पण एकदा वाळली की तिच्या भुशात स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी राहतं. नारळाच्या बागांत सोडणं चरात थरानं पुरायची जुनी पद्धत आहे. पोकळ बाजू वर ठेवायची, म्हणजे पाणी धरून राहतं, आणि हा फायदा पाच-सात वर्षं टिकतो. वर अंथरताना मात्र उलट, पोकळ बाजू खाली. नाहीतर पहिल्या पावसात प्रत्येक वाटीत डेंग्यूचे डास. बंगल्यात मी अख्खी कवटी कधीच ठेवत नाही, चिरूनच.

आठ

फोनची वेळ. आज कडेगावकडचा एक तरुण, नव्यानं नारळ लावलेला. मल्चिंग पेपर टाकू की पाला? मी पेपरच्या विरोधात नाही. टोमॅटोला, कलिंगडाला तो तण रोखतो, ओल धरतो, काम झालं की निघतो. पण प्लास्टिक कुणी खात नाही. साठ-सत्तर वर्षं जगणाऱ्या झाडाखाली जेवण लागतं, आणि पाला ओल धरता धरता जेवण होतो.

त्याला मी दोन नावं दिली. श्री. अ. दाभोळकर, गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या प्रयोग परिवारानं याच सांगली-तासगावच्या द्राक्षवाल्यांना स्वतःच्या रानात मोजून, लिहून, एकमेकांना कळवून शिकायची सवय लावली. दुसरे कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर, ज्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं की कुजण्याचं काम उकिरड्यावर उरकून घेऊ नका, ते रानातच होऊ द्या, म्हणजे त्या कामातून मिळणारा फायदा मातीला मिळेल. दोघांचं सगळंच मला पटतं असं नाही. मातीतल्या जिवाला शेतीचा भागीदार मानायचं, हे दोघांकडून घेतलं.

मग त्यानं तो प्रश्न विचारला जो सगळे विचारतात. "ताई, पाला टाकल्यावर नारळ किती वाढले?"

याचं खरं उत्तर कुणाला आवडत नाही. नारळाच्या शेंड्यात पोय, म्हणजे फुलोरा, तयार व्हायला लागल्यापासून ती उमलेपर्यंत साधारण ३२ महिने जातात, आणि उमलल्यापासून नारळ पिकेपर्यंत आणखी अकरा-बारा. बेरीज ४४ महिन्यांच्या आसपास. आज उतरवलेला नारळ साडेतीन वर्षांपूर्वीच्या मातीवर सुरू झाला होता. बोंडगळ लवकर कमी होऊ शकते, कारण ओल सुधारली की लागलेली फळं टिकतात. पण झाडानं मुळातच जास्त पोया आणि जास्त मादी फुलं धरणं हे उशिरा दिसणार. जो वर्षभरात दुप्पट नारळ दाखवतो, तो पाला सोडून दुसरं काहीतरी विकतोय.

तो जरा हिरमुसला. तरी त्यानं विचारलं, सुरुवात कशी करू. त्याला सांगितलं तेच इथं लिहिते, बंगलेवाल्यांनाही तेवढंच लागू. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जमिनीत ओल असताना पाला टाका. तेव्हा राहिलं असेल तर आज भरपूर पाणी देऊन टाका. बुंध्यापासून हातभर मोकळं सोडा, थर चार-सहा बोटं, खाली कोवळा, वर कडक. गळलेली झावळी फेकू नका, तीन-चार थर द्यायचे तर एका आळ्याला दहा-पंधरा झावळ्या लागतात, आणि मोठा नारळ वर्षाला बाराएक झावळ्या स्वतःच टाकतो. निंबोळी किंवा करंजाची पेंड थोडी मिसळा. थर बसला की पुन्हा घाला, तो खाल्ला जातो म्हणूनच बसतो. आणि विश्रामबागेतल्या लोकांनो, फाटकाबाहेरच्या ढिगाला काडी लावायच्या आधी एकदा स्वतःच्या नारळाच्या आळ्यात बघा. तिथं जागा नसेल तर सकाळी साडेपाचला आमची गाडी तुमच्या रस्त्यावरूनच जाते.